साहेबांपर्यंत न पोहोचणारी बातमी

नेतृत्वाबद्दल आपल्याकडे जे बोललं आणि शिकवलं जातं, त्यातलं बहुतेक सगळं माणसाच्या व्यक्तिमत्त्वाबद्दल असतं. नेत्यानं कसं बोलावं, त्याची देहबोली कशी असावी, त्यानं हाताखालच्या लोकांना प्रेरणा कशी द्यावी. कंपन्या मॅनेजरांना दोन दिवस लोणावळ्याच्या एखाद्या रिसॉर्टवर नेतात, तिथे व्याख्यानं होतात, गटागटानं खेळ होतात, प्रत्येक जण स्वतःबद्दलचा एखादा संकल्प लिहून देतो. सोमवारी सगळे कामावर परततात आणि आढावा बैठकीत पुन्हा तेच घडतं. माल वेळेवर निघणार नाही हे टेबलाभोवतीच्या सहा जणांना ठाऊक असतं आणि सातव्याला, म्हणजे ज्याला त्याबद्दल काही करता येईल त्याला, ते कोणी सांगत नाही.

हा सगळा व्यक्तिमत्त्वाचा विचार मला उथळ वाटतो. माझं म्हणणं असं आहे, की कामाच्या ठिकाणी नेता किंवा व्यवस्थापक किती चांगला आहे हे प्रामुख्यानं एका गोष्टीवरून ठरतं: वाईट बातमी त्याच्यापर्यंत किती लवकर आणि किती कमी बदलून पोहोचते. वक्तृत्व आणि आत्मविश्वास असले तर उत्तमच. पण ते असूनही बातमी पोहोचत नसेल, तर त्याचे निर्णय चुकीच्या माहितीवर उभे असतात आणि त्याचा आत्मविश्वास त्या चुकीला फक्त वेग देतो. दुसरं असं, की बातमी पोहोचणं हा स्वभावाचा किंवा नशिबाचा भाग नाही. ती व्यवस्था लावावी लागते, राखावी लागते, आणि ज्याला चारचौघांत बोलताना घाम फुटतो अशा माणसालाही ती शिकता येते.

१. माहिती खाली, अधिकार वर

कोणत्याही संस्थेत बिघाडाची पहिली चाहूल ज्याला लागते आणि तो थांबवण्याचा अधिकार ज्याच्याकडे असतो, ती बहुधा दोन वेगळी माणसं असतात. मशीनचा आवाज बदलला हे ऑपरेटरला कळतं. जुना ग्राहक दुसरीकडे चौकशी करू लागलाय हे फोन घेणाऱ्या मुलीला कळतं. औषधाच्या दोन बाटल्यांची लेबलं फार सारखी दिसतात हे रात्रपाळीच्या नर्सला कळतं. मशीन बंद ठेवायचं का, पुरवठादार बदलायचा का, हे निर्णय मात्र दोन-तीन पायऱ्या वर होतात.

आणि प्रत्येक पायरीवर बातमी थोडी मऊ होते. ऑपरेटर म्हणतो, ‘बेअरिंग जाणार.’ सुपरवायझर लिहितो, ‘बेअरिंगचा आवाज येतोय, लक्ष ठेवून आहोत.’ शॉप मॅनेजरच्या अहवालात ‘मेंटेनन्स नियोजित’ असं येतं आणि प्लांट हेडच्या पडद्यावर त्या मशीनसमोर हिरवा ठिपका असतो. या चौघांपैकी कोणीही धडधडीत खोटं बोललेलं नाही. म्हणूनच हा प्रकार पकडणं अवघड आहे. प्रामाणिक माणसांच्या साखळीतूनही खोटं चित्र तयार होऊ शकतं.

याचं सर्वांत भयंकर आणि सर्वांत नीट तपासलं गेलेलं उदाहरण चॅलेंजर यानाचं. २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत ते यान नष्ट झालं आणि सातही अंतराळवीर मरण पावले. चौकशी आयोगावर भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन होते. असं यान गमावण्याची शक्यता किती, याबद्दल नासात कोणाचा काय अंदाज आहे हे त्यांनी तपासलं. प्रत्यक्ष काम करणाऱ्या अभियंत्यांचा अंदाज शंभरात एकच्या आसपास होता. व्यवस्थापनाचा अंदाज होता लाखात एक. एकाच यानाबद्दल एकाच संस्थेत हजारपटींची तफावत होती, आणि निर्णय लाखात एक म्हणणाऱ्यांच्या हाती होता.

आदल्या संध्याकाळी काय झालं तेही नोंदलेलं आहे. बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या अभियंत्यांनी टेलिफोनवरच्या बैठकीत सांगितलं, की सांध्यांतल्या रबरी कड्या थंडीत कडक होतात, तापमान सुमारे १२ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर उड्डाण नको. नासाच्या अधिकाऱ्यांना हे रुचलं नाही. कंपनीच्या वरिष्ठांनी आपसात चर्चेसाठी वेळ मागून घेतला. त्या चर्चेत अभियांत्रिकीच्या प्रमुखाला इंजिनिअरची टोपी उतरवून मॅनेजरची टोपी घालायला सांगण्यात आलं, आणि शिफारस बदलली. नासातल्या ज्या सर्वोच्च अधिकाऱ्यांनी उड्डाणाला अंतिम संमती दिली, त्यांना हा विरोध झाला होता हेच माहीत नव्हतं, असं आयोगाला आढळलं.

व्यवस्थापनाच्या वर्गांत ही टोपीची गोष्ट सांगतात आणि तिच्यातून धैर्याचा धडा काढतात. मला तो धडा पटत नाही. अभियंत्यांनी धैर्य दाखवलं होतं. त्यांनी आकडे मांडले, वाद घातला, आपल्याच वरिष्ठांना विरोध केला. त्यांच्या विरोधाला वरपर्यंत जायला रस्ताच नव्हता, आणि रस्ता बांधणं हे अभियंत्यांचं काम नव्हतं.

२. बातमी कुठे अडते

बातमी अडण्याचं कारण म्हणून भीतीचं नाव लगेच घेतलं जातं, आणि ते बरोबर आहे. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी व्यवस्थापनासाठी मांडलेल्या चौदा सूत्रांपैकी एक सूत्र कामाच्या जागेवरून भीती हद्दपार करण्याचं होतं. पण फक्त भीतीवर बोट ठेवलं की मवाळ, हसतमुख साहेब स्वतःला निर्दोष समजू लागतो. त्याच्यापर्यंतही बातमी येत नसते. का येत नाही?

एक कारण निष्फळतेचं. मागच्या वेळी सांगितलं होतं, काहीच झालं नाही. त्याआधीही सांगितलं होतं. माणूस दोनदा सांगतो, तिसऱ्यांदा गप्प बसतो. त्याच्या मनात भीती नसते, कंटाळा असतो. साहेबानं त्याचं ऐकून घेतलेलं असतं, मानही हलवलेली असते. पुढे त्या गोष्टीचं काय केलं, किंवा काही करता येणार नसेल तर का येणार नाही, हे त्यानं परत येऊन सांगितलेलं नसतं.

दुसरं कारण एका लोकप्रिय वाक्यात आहे: ‘माझ्याकडे प्रॉब्लेम आणू नका, सोल्यूशन घेऊन या.’ हे वाक्य अनेक मॅनेजर अभिमानानं सांगतात. त्यांना ते स्वावलंबनाचं शिक्षण वाटतं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ हाताखालचा माणूस असा घेतो, की उत्तर सापडेपर्यंत तोंड उघडायचं नाही. आणि सर्वांत महत्त्वाची वाईट बातमी अशीच असते, जिच्यावर त्याच्या अधिकारात आणि त्याच्या माहितीत उत्तर नसतं. उत्तर असतं तर त्यानं ते स्वतःच केलं नसतं का? या एका वाक्यानं साहेब स्वतःच्या दारावर चाळणी लावतो आणि तिच्यातून फक्त किरकोळ अडचणी आत येतात. मोठ्या बाहेर वाढत राहतात.

तिसरं कारण हिशेबाचं आहे. अप्रेझलमध्ये, सरकारी कचेरीत असेल तर गोपनीय अहवालात, बातमी दडवल्याबद्दल सहसा कोणाचे गुण कापले जात नाहीत, कारण दडवलेली गोष्ट दिसतच नाही. बातमी सांगणाऱ्याचं नाव मात्र त्या बिघाडाशी कायमचं जोडलं जातं. वर्षाच्या शेवटी ‘त्याच्या लाइनवर फार कटकटी असतात’ एवढंच लोकांच्या लक्षात राहतं. माणसं हा हिशेब फार पटकन शिकतात आणि त्यांना दोष देणं चुकीचं आहे.

३. शून्य हा आकडा कसा वाचायचा

इथून पुढे माझा युक्तिवाद रूढ समजुतीच्या थेट विरुद्ध जातो. आपण धरून चालतो, की ज्या विभागातून तक्रारी, चुका, अडचणी कमी नोंदल्या जातात तो विभाग चांगला चालला आहे.

१९९० च्या दशकात हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या गटांमध्ये औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. जिथे परिचारिकांचा गट एकजुटीनं काम करतो आणि प्रमुख चांगली आहे तिथे चुका कमी असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले. चांगल्या गटांत नोंदलेल्या चुका जास्त होत्या. खोलात गेल्यावर कारण सापडलं: त्या गटांत चुकांबद्दल मोकळेपणानं बोललं जात होतं, म्हणून त्या नोंदीत दिसत होत्या. बाकीच्या गटांत त्या तोंडातच राहत होत्या. रुग्णासाठी यापैकी कोणता वॉर्ड सुरक्षित, हे सांगायची गरज नाही.

याचा व्यवहारातला परिणाम मोठा आहे. कारखान्याच्या गेटवर ‘अपघाताविना इतके दिवस’ असा फलक असतो आणि त्या आकड्यावर बक्षीस असतं. मग बोट चेपलेला कामगार फर्स्ट एडला जातो का, की खिशातला रुमाल बांधून पाळी पूर्ण करतो? बक्षीस सगळ्या शिफ्टचं असतं, त्यामुळे त्याच्यावर दबाव मित्रांचाच येतो. फलक लावणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, आणि त्या चांगल्या हेतूनंच बातमीचा रस्ता बंद केलेला असतो. चाकण असो की ठाणे-बेलापूर पट्टा, सेफ्टी ऑफिसरनं थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या नोंदी वाढल्या की आनंद मानायला हवा. महिनोन्‌महिने शून्य येत असेल तर त्यानं स्वतः शॉपफ्लोअरवर जाऊन चौकशी करायला हवी.

मोटार उद्योगातला एक प्रसंग इथे लागू पडतो. २००६ मध्ये ॲलन मुलाली फोर्ड कंपनीचे प्रमुख झाले. त्या वर्षी कंपनीचा तोटा १२ अब्ज डॉलरांहून अधिक होता. त्यांनी दर आठवड्याला वरिष्ठांची बैठक सुरू केली, तिच्यात प्रत्येकानं आपल्या कामाची स्थिती हिरव्या, पिवळ्या किंवा लाल रंगात दाखवायची होती. सगळे तक्ते हिरवे येत राहिले. कंपनी अब्जावधी घालवत असताना काहीच बिघडलेलं नाही का, असं त्यांनी विचारलं. पुढे मार्क फील्ड्स या अधिकाऱ्यानं एका नव्या गाडीच्या उत्पादनातली अडचण लाल रंगात दाखवली. खोलीत शांतता पसरली, आणि मुलालींनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी विचारलं, याला मदत कोण करू शकेल? त्यानंतरच्या आठवड्यांत तक्त्यांवर लाल-पिवळे रंग दिसू लागले. सांगणारे टाळ्यांवर भर देतात. माझ्या मते टाळ्यांपेक्षा तो पुढचा प्रश्न मोलाचा आहे. नुसत्या टाळ्या वाजल्या असत्या आणि फील्ड्सना एकट्यालाच ती अडचण निस्तरावी लागली असती, तर दुसरा लाल तक्ता आला नसता.

आपल्या आयटी कंपन्यांत वरून हिरव्या आणि आतून लाल असलेल्या प्रोजेक्टला कलिंगड म्हणतात. हा शब्द सगळ्यांना माहीत आहे, याचाच अर्थ ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे.

४. दोरी ओढल्यानंतरचं पहिलं मिनिट

मग करायचं काय? यावर सर्वांत चांगलं उत्तर टोयोटाच्या कारखान्यांत मिळतं. तिथे असेंब्ली लाइनवरच्या प्रत्येक कामगाराच्या हाताशी एक दोरी (काही ठिकाणी आता बटण) असते. काही चुकतंय असं वाटलं की त्यानं ती ओढायची. दिवा लागतो, सूर वाजतो आणि टीम लीडर धावत येतो. ठरलेल्या वेळात दोष दूर झाला तर लाइन चालू राहते, नाही तर थांबते. इतपत माहिती व्यवस्थापनाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला असते.

कमी बोललं जातं ते फ्रीमाँटबद्दल. कॅलिफोर्नियातल्या या गावात जनरल मोटर्सचा कारखाना होता. गैरहजेरी वीस टक्क्यांच्या आसपास, व्यवस्थापन आणि युनियन यांच्यात सतत तंटे. १९८२ मध्ये तो बंद झाला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी तोच कारखाना नुम्मी या नावानं भागीदारीत पुन्हा सुरू केला. कामावर घेतलेली माणसं बहुतेक तीच, युनियनही तीच. थोड्याच काळात गैरहजेरी दोन टक्क्यांच्या आसपास आली आणि गाड्यांचा दर्जा जपानमधल्या कारखान्यांशी तुलना करण्याजोगा झाला. ज्यांना आधी ‘बिघडलेले कामगार’ म्हणून सोडून दिलं होतं, त्यांनीच हे केलं. कामगारांचा स्वभाव दोन वर्षांत बदललेला नव्हता. वृत्ती, संस्कार, नव्या पिढीला कष्ट नकोत, ही आपली आवडती स्पष्टीकरणं फ्रीमाँटसमोर टिकत नाहीत.

बदललं होतं ते दोरी ओढल्यानंतरचं पहिलं मिनिट. जुन्या कारखान्यात लाइन थांबवणं हा मोठा गुन्हा होता, त्यामुळे सदोष गाड्या पुढे सरकत आणि शेवटी त्या दुरुस्त केल्या जात. नव्यात दोरी ओढणाऱ्या माणसाकडे कोणीतरी मदतीला येत होतं. जनरल मोटर्सला हा धडा आपल्या इतर कारखान्यांत नेणं फार अवघड गेलं. दोरी बसवणं ही खर्चाची बाब आहे, ती मंजूर होते. दोरी ओढल्यावर फोरमन कोणत्या चेहऱ्यानं येतो, याला बजेट नसतं.

कचेरीत दोरी नसते, पण ते पहिलं मिनिट असतं. कोणी दार लोटून म्हणतं, ‘साहेब, एक सांगायचं होतं.’ किंवा मॅडमना संध्याकाळी सहा वाजता फोन येतो, की उद्याचा डेमो होणं कठीण आहे. त्या मिनिटात पहिला प्रश्न ‘हे कोणी केलं?’ असा आला, की पुढच्या वर्षभराच्या बातम्या बंद होतात, कारण तो प्रश्न एक माणूस ऐकतो आणि जेवणाच्या सुट्टीत वीस जणांना कळतं. पहिला प्रश्न ‘आत्ता काय थांबवायला हवं?’ असा हवा. कोणाचं चुकलं, प्रक्रियेत काय कमी होतं, हे विचारायचंच आहे, पण दुसऱ्या दिवशी, शांतपणे, कागद समोर ठेवून.

याखेरीज काही सवयी लावून घ्याव्या लागतात. बैठकीत वरिष्ठानं शेवटी बोलावं, कारण त्याचं मत आधी कळलं की बाकीची मतं त्याच्याभोवती जमा होतात. ‘सगळं ठीक ना?’ हा प्रश्न विचारूच नये, त्याचं उत्तर ठरलेलं आहे. ‘या आठवड्यात सर्वांत जास्त धास्ती कशाची वाटते?’ असं विचारलं तर निदान विचार करावा लागतो. काम जिथे चालतं तिथे ठरलेल्या वेळी, नियमानं जाऊन उभं राहावं, कारण अवचित मारलेल्या फेरीला लोक तपासणी समजतात आणि मशीन पुसून ठेवतात. आणि कोणी काही सांगितलं असेल तर त्याचं पुढे काय झालं हे त्याला आपणहून जाऊन कळवावं, उत्तर नकारार्थी असलं तरी. यातल्या एकाही गोष्टीला करिष्मा लागत नाही. चिकाटी मात्र खूप लागते, कारण विश्वास बसायला सहा महिने जातात आणि एका दुपारी तो मोडतो.

५. चिपळूणच्या छावणीला लिहिलेलं पत्र

महाराष्ट्रात नेतृत्वावरचं कोणतंही व्याख्यान शिवाजी महाराजांच्या उल्लेखाशिवाय पूर्ण होत नाही. बहुतेक व्याख्यानांत अफझलखान येतो, आग्रा येतं, साहस आणि चातुर्य येतं. मॅनेजरांपुढे बोलताना मी या सगळ्याआधी १६७३ च्या सुमाराचं एक पत्र ठेवीन. ते चिपळूणजवळ मुक्काम केलेल्या घोडदळाच्या जुमलेदारांना, हवालदारांना आणि कारकुनांना लिहिलेलं आहे. रयतेला त्रास न देण्याबद्दलचं म्हणून ते प्रसिद्ध आहे. पण त्यातली विचाराची पद्धत पाहण्यासारखी आहे.

पावसाळा तोंडावर आहे. दाणागोटा आणि वैरण मोजून जमवलेली आहे. पत्र सांगतं, की आत्ता मनाला येईल तशी उधळपट्टी केलीत तर पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील. मग शिपाई गावात शिरतील, कोणी कुणब्याचं धान्य नेईल, कोणी गवत, कोणी लाकूड, कोणी भाजीपाला. कुणबी गाव सोडून जातील, आणि मोगलांपेक्षाही तुम्ही वाईट असं म्हणतील. लागेल ते बाजारातून विकत घ्या. यानंतर पत्र आगीकडे वळतं. गवताच्या गंजी जवळ आहेत. कोणी निष्काळजीपणे चूल पेटवील, कोणी चिलीम ओढेल, कोणी रात्री दिवा तसाच ठेवील आणि उंदीर पेटती वात ओढून नेईल. गवत जळून गेल्यावर कुणब्यांच्या माना कापल्या किंवा कारकुनांवर कितीही सक्ती केली, तरी मग काडी मिळणार नाही.

राज्याभिषेकाच्या सुमाराचा राजा उंदरानं वात पळवण्याचा विचार करतो आहे. हा तपशील सिंहासनावर बसून सुचत नाही. तो गंजी राखणाऱ्याला, पागेत झोपणाऱ्याला माहीत असतो. तो राजाच्या पत्रात आला, यावरून मी असा निष्कर्ष काढतो, की आगी कशा लागतात हे खालच्या माणसांनी त्याला सांगितलेलं होतं आणि त्यानं ते लक्षात ठेवलं होतं.

दुसरी गोष्ट, पत्रात नुसती आज्ञा नाही. प्रत्येक आज्ञेमागे काय केल्यानं काय होईल, आणि त्यातून पुढे काय होईल, याची साखळी आहे. ज्याला ती साखळी कळली, त्याला पत्रात न लिहिलेल्या प्रसंगीही योग्य निर्णय घेता येतो. या विचाराला शास्त्रीय रूप फार नंतर मिळालं. अमेरिकी विचारवंत मेरी पार्कर फॉलेट यांनी १९२५ मध्ये न्यूयॉर्कला दिलेल्या व्याख्यानात आज्ञा देण्याच्या प्रश्नाची चर्चा केली. त्यांचं म्हणणं असं, की एका माणसानं दुसऱ्याला हुकूम देऊ नये, दोघांनी मिळून परिस्थिती पाहावी आणि परिस्थितीचा हुकूम दोघांनी मानावा. असं झालं की वाईट बातमी सांगणं म्हणजे साहेबाला विरोध करणं उरत नाही. परिस्थिती बदलली आहे, एवढंच सांगणं उरतं. शेवटी आग लागल्यानंतरच्या शिक्षेचा निरुपयोग त्या पत्रात ज्या स्पष्टपणे सांगितला आहे, तो आजच्या ‘कारणे दाखवा’ नोटिशी काढणाऱ्यांनी वाचावा असा आहे.

६. आक्षेप

पहिला आक्षेप शिस्तीचा. चूक सांगणाऱ्याला काहीच झालं नाही तर माणसं बेफिकीर होतील. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. चूक कळवण्याला शिक्षा नसावी, याचा अर्थ कामाच्या दर्जाला मोजमाप नसावं असा होत नाही. टोयोटाच्या लाइनवर सेकंदांचा हिशेब असतो. जी चूक दडवली जाते तिला मात्र कडक शिक्षा हवी, आणि ती सगळ्यांना माहीत हवी. न दडवलेल्या चुकीला संरक्षण कसं द्यावं, याचं एक उदाहरण आपल्याकडे आहे. १० ऑगस्ट १९७९ रोजी भारताच्या एसएलव्ही-३ या उपग्रह प्रक्षेपकाचं पहिलं उड्डाण फसलं, दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेत गळती झाली होती. प्रकल्पाचे संचालक अब्दुल कलाम होते, पण पत्रकारांना सामोरे गेले ते इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन, आणि त्यांनी जबाबदारी स्वतःवर घेतली. १८ जुलै १९८० ला यश मिळालं तेव्हा त्यांनी पत्रकार परिषदेला कलामांना पुढे केलं. कलामांनी ही आठवण अनेकदा सांगितली आणि आपण ती मोठ्या मनाची गोष्ट म्हणून ऐकतो. तिला एक व्यावहारिक बाजूही आहे. बाहेरचा दोष अध्यक्षानं घेतल्यामुळे आतल्या माणसांना आपली बाजू सावरत बसावं लागलं नाही, त्यांना गळती शोधता आली.

दुसरा आक्षेप संस्कृतीचा आहे आणि तो मी जास्त गंभीर मानतो. आपल्याकडे वडीलधाऱ्यांना उलटून बोलत नाहीत, साहेबापुढे आवाज चढवत नाहीत, हे सगळं परदेशी माणसांसाठी ठीक आहे, असं म्हणतात. आता हीच माणसं चहाच्या टपरीवर आणि साहेब नसलेल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कामातली प्रत्येक खोट नेमकेपणानं सांगत असतात, हे कोणाला माहीत नाही? बोलण्याची सवय आहे. वर बोलण्याची सोय नाही. पण आक्षेपात तथ्यही आहे, आणि त्याची किंमत आपण मोजली आहे. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान मंगळूरच्या धावपट्टीवरून पुढे गेलं आणि १५८ माणसं मरण पावली. उतरू नका, पुन्हा वर घ्या, असं सहवैमानिकानं तीनदा सांगितलं होतं, हे चौकशीत नोंदलं गेलं. कॅप्टननं उतरणं चालू ठेवलं.

विमान वाहतुकीनं यावर शोधलेला उपाय आदराच्या रिवाजाला हात न लावणारा आहे. १९७७ मध्ये टेनेरिफला दोन जंबो विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसं गेली, तेव्हाही कॉकपिटमधल्या कनिष्ठाची शंका कॅप्टननं बाजूला सारली होती. त्यानंतरच्या वर्षांत जगभरच्या विमान कंपन्यांनी वैमानिकांसाठी खास प्रशिक्षण सुरू केलं: शंका कोणत्या शब्दांत बोलायची, उत्तर आलं नाही तर पुन्हा कसं बोलायचं, तरीही काही झालं नाही तर काय करायचं. म्हणजे विरोध हा धाडसाचा विषय राहिला नाही, कामाचा भाग झाला. ठरलेलं वाक्य उच्चारणारा सहवैमानिक उद्धट ठरत नाही, न उच्चारणारा कामात कमी पडलेला ठरतो. ज्या समाजात वडीलधाऱ्यांचा मान मोठा आहे तिथे तर ही पद्धत जास्तच उपयोगी आहे. बैठकीच्या विषयपत्रिकेवर ‘काय चुकू शकतं’ हा मुद्दा कायमचा घाला आणि त्यावर आज कोणी बोलायचं हे पाळीनं ठरवा. कनिष्ठाला धीर गोळा करावा लागणार नाही, कारण आज त्याची पाळीच आहे.

तिसरा आक्षेप मधल्या फळीतल्या मॅनेजरचा आहे आणि त्याचं उत्तर सोपं नाही. तो म्हणतो, मी हाताखालच्यांचं ऐकीन, पण माझ्या वरच्याला हिरवंच पाहायचं आहे. मी लाल दाखवलं तर माझीच बदली होईल. हे खरं आहे, आणि त्याला वीरपणाचा उपदेश करणं अन्यायाचं होईल. त्याला करता येण्याजोगं एवढंच, की आपल्या दहा-बारा जणांपुरता रस्ता मोकळा ठेवावा, वर जाणारी बातमी लेखी, तारखेसह आणि परिणामांच्या आकड्यांसह द्यावी, आणि ती मऊ करू नये. कधीकधी त्याची किंमत त्याला मोजावी लागेल. ही किंमत त्याच्यावर पडू नये याची जबाबदारी त्याच्या वरच्यांची आहे.

७. बढतीच्या वेळी

वरच्यांची जबाबदारी सगळ्यात आधी दिसते ती बढत्यांमध्ये. सर्वांत जास्त विक्री करणारा सेल्स मॅनेजर होतो, सर्वांत चांगला प्रोग्रॅमर टीम लीड होतो, आणि नंतर त्याला नेतृत्वाच्या प्रशिक्षणाला पाठवतात. अशा माणसाची एक विशेष अडचण असते. तो स्वतःच्या कामात क्वचित चुकलेला असतो, त्यामुळे दुसऱ्याची अडचण त्याला आळस वाटते. चांगल्या कामाचा मोबदला पगारात आणि मानात द्यावा. माणसं हाताखाली देणं हा मोबदला नाही, ते वेगळं काम आहे आणि त्यासाठी वेगळी पारख हवी.

ती पारख मुलाखतीच्या खोलीत होणार नाही, कारण तिथे पुन्हा बोलणाराच जिंकतो. उमेदवाराबरोबर आज काम करणाऱ्या, आणि शक्य असेल तर त्याच्यापेक्षा कनिष्ठ असलेल्या चार-पाच जणांना एकेकटं भेटावं आणि विचारावं: याला शेवटची वाईट बातमी तुम्ही कधी सांगितलीत? ऐकल्यावर त्यानं पहिला प्रश्न कोणता विचारला? त्या गोष्टीचं पुढे काय झालं हे तुम्हाला कोणाकडून कळलं? सगळेच आठवत बसले आणि एकालाही प्रसंग सांगता आला नाही, तर त्या माणसाला हाताखाली माणसं देण्याचा निर्णय वर्षभर पुढे ढकलावा आणि का ढकलला ते त्याला तोंडावर सांगावं.